प्रकरण एकोणिसावे : राकेराचे मागणे

शनिवारच्या होडीने राकेरा अबाइयांग बेटाहून उतरली ती पानांत गुंडाळलेला बाबाईचा, म्हणजे दलदलीतल्या अळूचा, प्रचंड कंद स्वतःच्या काखेत धरून, आणि तेव्हाच तेबेयाने मनाशी ओळखले की ही नुसती भेटीला आलेली नाही. चार वर्षे जिने धाकट्या भावाच्या घराकडे पाऊल वळवले नव्हते, ती चौऱ्याहत्तर वर्षांची नणंद भर वाऱ्यात अंग भिजवीत येते, आणि तीही जहाजाचे पत्र आल्याच्या दुसऱ्याच दिवशी. याला योगायोग म्हणण्याइतकी तेबेया भोळी नव्हती.

पत्र शुक्रवारी आले होते. बेसिओच्या नाविक शाळेत तेबेयाचा नवरा बाउरो गेली सात वर्षे एकच काम करीत होता : पास झालेल्या मुलांना शिकाऊ खलाशी म्हणून जहाज मिळवून देणे. बारा महिने समुद्रावर काढल्यावाचून मुलाला दाखला मिळत नाही, दाखल्यावाचून कोणतीही कंपनी त्याला उभे करीत नाही, आणि जहाजाची वाट पाहता पाहता शाळेत शिकलेल्या गाठी, हुकूम आणि आग विझवण्याच्या कवायती अंगावर वाळलेल्या मिठाप्रमाणे हळूहळू गळून जातात. अशी तेवीस मुले यादीत होती. नऊ महिन्यांत एकही जागा आली नव्हती. आता परदेशातील एका कंपनीने एक जागा कळवली होती, एकच, आणि नाव सोमवारी दुपारपर्यंत पाठवावयाचे होते.

यादीत पहिला होता तामाना बेटाचा तेकिनेने. तो चौदा महिने थांबला होता, आणि बेसिओत त्याचे रक्ताचे कोणीही नव्हते. सातवा होता मिकाएरे. तो राकेराचा नातू. नाव क्रमानेच जावे असा शिरस्ता, तथापि प्राचार्य म्हणाले होते, "बाउरो, डेकवर कोण टिकेल ते तुला जास्त कळतं. क्रम बदलायचा तर कारणाच्या रकान्यात चार शब्द लिही. मी सही करीन." त्या दयाळू वाक्याने बाउरोची जेवणावरची वासना उडाली होती. बत्तीस वर्षे जहाजावर काढून, खलाशांचा सारंग म्हणून निवृत्त झालेला तो माणूस. वादळात त्याने माणसे सांभाळली होती. परंतु बहिणीच्या तोंडून निघणाऱ्या एका शब्दाला तो भीत होता.

तो शब्द म्हणजे 'बुबूस'. रक्ताच्या माणसाने तुमच्यासमोर बसून बुबूस म्हटले आणि मागितले, की नाही म्हणता येत नाही. नाही म्हणणारा जिवंत राहतो, पण सभाघरात त्याला बसायला जागा उरत नाही. समोरच्याने मागेपर्यंत मात्र माणूस मोकळा असतो. आणि या घराण्यात एक जादा रीत होती, बाउरोच्या बापाने घालून दिलेली : जेवण चालू असताना मागायचे नाही, ताटे उचलल्यावर मागायचे.

या रीतीवरच तेबेयाने आपला बेत उभारला होता. राकेरा शनिवारी बाउरोचा थोरला भाऊ काइतारा याच्याकडे उतरली होती, आणि बाउरोकडे ती रविवारी फक्त जेवायला येणार होती.

"तिची होडी पाचच्या भरतीला सुटते," रविवारी प्रार्थनेहून परतल्यावर तेबेया चुलीपाशी हलक्या आवाजात म्हणाली. "होडी हाकणारा तिचा भाचा थांबणार नाही. पाचपर्यंत जेवण संपूच द्यायचं नाही."

"आत्ता बारा वाजलेत. पाच तास कोण जेवतं?"

"आपण जेवतो. आज जेवतो. तू फक्त गप्पा चालू ठेव. आणि काइतारादादांना सांग, त्यांची तोफ सुरू झाली की थांबत नाही."

"आक्का काय खुळी आहे? तिला कळणार नाही?"

"कळू दे की! कळलं तरी ताटावरून उठेल का ती? बापाची रीत मोडेल?" तेबेयाने भाताचे झाकण उघडले. "भूक नसली तरी खा. खलाशी होतास ना? समज, बोट हलतेय."

केवड्याच्या चटया अंथरलेल्या उंच मचाणावर चौघे बसले. राकेरा मध्यभागी, पाठ सरळ ठेवून. तिच्या उजव्या हाताला थोरला भाऊ काइतारा, चौसष्ट वर्षांचा, माडावर चढून चढून पायांचे तळवे खोडासारखे झालेला. समोर बाउरो. आणि सर्वांच्या मागे अर्धवट सरकून मिकाएरे, ज्याला आज येथे कशासाठी आणले आहे ते पूर्णपणे ठाऊक होते आणि म्हणून ज्याची नजर ताटावरून हलत नव्हती.

प्रथम बाबाईचा कंद आला; काकवी घालून, खोबऱ्याच्या रसात शिजवलेला. मग भात, मग खारवलेला कुपा मासा, मग नीरफणस. राकेराने सर्व काही सावकाश, मन लावून खाल्ले.

"हात चांगला आहे हो तुझा," ती तेबेयाला म्हणाली. "चार वर्षांपूर्वी इतका नव्हता. तेव्हा मी आले तर चहात साखर सुद्धा नव्हती."

"तेव्हा तुम्ही न सांगता आलात, आक्का."

"आत्ता कुठं सांगून आले? तरी भांडी भरलेली आहेत." राकेराने तोंडातील काटा काढला. "वाढ अजून. संकोच करू नकोस."

बाउरोने ओळखले : तिला सारे कळले होते, आणि ती खेळायला तयार होती.

दीड वाजता भोपळा आला. अडीचला डब्यातले मांस उघडले गेले. मध्ये जी शांतता पडे ती धोक्याची होती, म्हणून काइतारा एकामागून एक जुन्या गोष्टी काढीत होता. आणि गोष्टी निघाल्यावर, खरे सांगावयाचे तर, बेत विसरून सर्वजण त्यांत रमून गेले. कारण ते दिवसच तसे होते. हांबुर्गच्या कंपनीच्या आगबोटी दर महिन्याला पोरे उचलून नेत. धक्क्यावर सारे गाव फुलांच्या माळा घेऊन उभे राही, आणि दीड वर्षाने तीच पोरे रुंद खांद्यांची होऊन, बगलेत टेपरेकॉर्डर आणि खांद्यावर लोकरीचे कांबळे घेऊन उतरत.

"लोकरीचं!" काइतारा म्हणाला. "या उन्हात! पहिलं कांबळं यानंच आणलं. आई ते अंगावर घेऊन प्रार्थनेला बसली, तर घामानं घेरी येऊन पडली."

"पण काढलं नाही," राकेरा म्हणाली. "मी काढायला गेले तर माझ्या हातावर मारलं. म्हणे, माझ्या बाउरोनं आणलंय."

"आणि बाबांचं घड्याळ," बाउरो नकळत बोलून गेला.

सगळे हसले. बाउरोने पाठवलेले ते घड्याळ हांबुर्गच्या वेळेवर लावलेले होते, आणि म्हाताऱ्याने मरेपर्यंत त्याचा काटा हलवू दिला नाही. भर दुपारी माडाखाली चटईवर पडून तो मनगटाकडे पाही आणि घरातल्यांना दटावी, हळू बोला, तिकडे रात्रीचे दोन वाजलेत, पोरगं झोपलं असेल.

"तेव्हा जहाज शोधावं लागत नव्हतं," बाउरो म्हणाला. "जहाजंच पोरं शोधत यायची. कप्तान स्वतः उतरायचा. शाळेच्या अंगणात आम्हाला रांगेत उभं केलं, एकेकाचे तळहात उलटे करून पाहिले. माझ्यापाशी आला, हात दाबला आणि म्हणाला, हा!" त्याने मिकाएरेकडे वळून आपला तळहात पुढे केला. "गुण नाही, ओळख नाही, नुसता हात. तेव्हा असं होतं, बाळा."

ही गोष्ट तो बेचाळीस वर्षे सांगत आला होता. आपल्या मुलांना, जहाजावरच्या पोरांना, शाळेतल्या प्रत्येक तुकडीला. स्वतःविषयी त्याला जे काही चांगले वाटे, त्याचा पाया या एका गोष्टीवर होता.

राकेराने नीरफणसाचा तुकडा खाली ठेवला. तिने काइताराकडे पाहिले, काइताराने समुद्राकडे.

"कप्तानानं सगळ्यांचेच हात पाहिले, बाउरो," काइतारा शांतपणे म्हणाला. "तू रांगेत माझ्या मागं होतास."

"हो, आपण एकाच तुकडीत होतो की. मग?"

"मग काही नाही. 'हा' म्हणाला ते मला म्हणाला."

तेबेया वाढायची डाव हातात घेऊन उभी होती, ती तशीच थबकली.

"दादा, काहीतरीच काय?"

"एका घरातून एकच पोरगा घ्यायचे तेव्हा. माझं नाव लागलं होतं. तेराओईमामा कंपनीच्या कचेरीत यादी टाइप करायचा. आक्का त्याच्या घरी गेली." काइताराच्या आवाजात कुठेही धार नव्हती, उद्याचे हवामान सांगावे तसे तो सांगत होता. "मी तिथंच पाण्याच्या टाकीमागं अंघोळ करत होतो. सगळं ऐकलं. म्हणाली, मामा, बुबूस. काइताराच्या जागी बाउरो लिही. मामानं लिहिलं. दुसरं काय करणार बिचारा?"

बाउरोने बहिणीकडे पाहिले. तिने नजर चुकवली नाही.

"हो. मागितलं," ती म्हणाली. "तू माडावर चढायला भ्यायचास, आठवतं? अर्ध्यात जाऊन रडायचास. हा दादा तुला खाली उतरवायचा. घरी राहिला असतास तर उपाशी मेला असतास. काइतारा कुठंही जगला असता. मी बहीण होते दोघांची, मी बघितलं कोण बुडेल ते. पुढच्या वर्षी यालाही पाठवणार होतो. पण बाबा पडले अंथरुणाला, आणि माड कुणीतरी चढायलाच हवे होते."

"आणि मला कुणी सांगितलं नाही? बेचाळीस वर्षं?"

"सांगून काय झालं असतं? तू उडी मारून पोहत आला असतास?"

"आजोबा," मागून मिकाएरेचा आवाज आला, दिवसभरात पहिल्यांदाच. तो काइताराशी बोलत होता. "तुम्हाला राग नाही आला?"

"आला ना! एक पावसाळाभर आला. मग माडी काढायला चढलो की वरून बोटी जाताना दिसायच्या. त्यातली याची कुठली, कळायचं नाही. मी आपला सगळ्यांना हात करायचो." काइतारा किंचित हसला. "राग गेला रे. फक्त एक राहिलं. मी पहिला होतो, हे कधी कुणी म्हटलं नाही. घड्याळ याचं, कांबळं याचं, त्याचं काही नाही. पण कुणी एकदा म्हणायला हवं होतं."

तेबेयापाशी शिजवलेले असे आता काही उरले नव्हते.  ती घरात गेली आणि शेवटच्या चार कडक बिस्किटांचा डबा व चहा घेऊन आली. राकेराचे दात तीनच होते. तिने एकेक बिस्कीट चहात बुडवून, मऊ करून, चारही संपवली.

"आता काय आणतेस?" तिने विचारले. "चटई वाढ. तीही कुरकुरीत दिसतेय."

तेबेयाच्या डोळ्यांत पाणी आले. "आक्का, संपलं सगळं."

"मग ताटं उचल, बाई."

पावणेपाच झाले होते. प्रवाळकड्याच्या आतला समुद्र काठोकाठ भरत आला होता आणि खाली भाचा होडीतून पाणी उपसताना दिसत होता. तेबेयाने नवऱ्याकडे पाहिले. तिच्या त्या पाहण्यात 'काहीतरी कर' एवढेच होते, आणि काय करावे ते नव्हते.

बाउरोच्या मनात त्या क्षणी जी उलथापालथ चालली होती तिचे वर्णन करणे कठीण आहे. ज्या जागेवर तो आयुष्यभर उभा होता ती दुसऱ्याची होती. ती त्याला एका मागण्याने मिळाली होती, आणि आज तेच मागणे, त्याच तोंडून, दुसऱ्या एका पोराच्या जागेवर येऊन पडणार होते. बहिणीने मागितले की तो देणार. यात त्याला शंका नव्हती. तो देईल, कारणाच्या रकान्यात चार शब्द लिहील, आणि तामानाचा तेकिनेने, ज्याच्यासाठी बोलावयाला ना मामा ना बहीण, तो पाण्याच्या कुठल्यातरी टाकीमागे उभा राहून ते ऐकेल. त्याला या घराण्याचे ना घड्याळ मिळेल ना कांबळे.

तेबेयाने पहिले ताट उचलले. दुसरे उचलले. राकेराने पदर सारखा करावा तसा आपला झगा गुडघ्यावर सारखा केला आणि तोंड उघडले.

"आक्का," बाउरो म्हणाला, "बुबूस."

तेबेयाच्या हातातले तिसरे ताट खणकन खाली आले.

"काय म्हणालास?"

"बुबूस म्हणालो. माझं मागणं आहे. तुझ्याकडं."

"माझ्याकडं!" राकेराला क्षणभर हसू फुटले. "पत्र्याचं घर तुझं, पेन्शन तुझी, आणि माझ्याकडं काय, दोन चटया आणि एक बाबाईचा खड्डा. काय पाहिजे? खड्डा पाहिजे?"

"तू जे मागायला आलीस ते मला पाहिजे. ते मागणंच मला दे. तू ते उच्चारायचं नाहीस, आजही नाही आणि उद्याही नाही. ते माझ्यापाशी ठेवून जा."

 बाउरोने पुढे काइताराकडे तोंड वळवले, कारण ते तेव्हाच झाले नसते तर त्याच्याकडून पुन्हा कधी झाले नसते.

"दादा, पहिला तू होतास. कप्तान 'हा' म्हणाला ते तुला. शाळेत मी पोरांना उलटं सांगत आलो. उद्यापासून सुलटं सांगेन."

काइताराने नुसता "हं" असा आवाज केला आणि आपल्या तळहाताकडे, जणू तो कुणा दुसऱ्याचा असावा तसे, थोडा वेळ पाहिले.

राकेराचा चेहरा मात्र काळवंडला होता.  इतक्या लांबून, नातवासाठी, आयुष्यातले बहुधा शेवटचे मागणे घेऊन ती आली होती, आणि ते ओठांवर असतानाच धाकट्या भावाने काढून घेतले होते.

"लबाडा," ती म्हणाली. "बघ याला, काइतारा. बाबा असते तर—"

"बाबा असते तर हसले असते, आक्का."

"हसले असते?" ती पुटपुटली. मग नातवाकडे वळली. "आणि तू रे? तुला काय वाटतं? तुझं जहाज जातंय, तोंड उघड."

मिकाएरेने मान वर केली. त्याला जहाज हवे होते, आणि थोरपणाची एकही गोष्ट त्याला सुचत नव्हती. "मला जायचंय," तो म्हणाला. "पण तेकिनेनेला तोंड दाखवून जायचंय. आम्ही एकाच खोलीत होतो."

राकेराने डोळे मिटले. उघडले. मग अशा वेळी जसे द्यावयाचे असते तसे, आठी न घालता, हात पुढे करून ती म्हणाली, "घे. दिलं."

बाउरोने मान खाली घातली. तेबेयाने उरलेली ताटे उचलली.

"आता माझं," राकेरा म्हणाली. "ताटं उचललेली आहेत ना? बुबूस, बाउरो. या पोराला जहाज दे. हे नाही, हे त्या तामानाच्या पोराचं. दुसरं कुठलंही. मी डोळे मिटायच्या आत."

"आक्का, जहाजं आहेत कुठं!" तेबेया कळवळून म्हणाली. "नऊ महिन्यांत एक आलं. हा काय समुद्राच्या तळातून उपसून आणणार?"

"कुठून आणायचं ते मी कशाला सांगू? कागदावरची कामं त्याची. मी मागितलं."

खालून भाच्याने हाक मारली. पाणी चढले होते.

"दिलं," बाउरो म्हणाला. दुसरे काही म्हणणे त्याला शक्यच नव्हते.

काइताराने तिचे गाठोडे घेतले आणि मिकाएरेने तिला कंबरेइतक्या पाण्यातून उचलून होडीत बसवले. बाउरो धोतरासारखे गुंडाळलेले वस्त्र वर खोचून कडेला उभा होता. यंत्र सुरू झाले, तेव्हा राकेराने त्याला बोटाने जवळ बोलावले.

"तामानाचा गेला की आपलं पोरगं कितवं?"

"सहावं, आक्का."

"म्हणजे त्याच्यापुढं पाच." तिने बोटे मोडून पाहिली. "तू काही त्याला रांग मोडून चढवणार नाहीस, आत्ताच तर एवढा तमाशा केलास. मग मी मागितलं ते एक नाही झालं, सहा झाली." तिच्या तीन दातांचे हसू उन्हात चमकले. "सहा आगबोटी, बाउरो. आणि मी चौऱ्याहत्तरची आहे. झोपा काढू नकोस."

होडी वळली. तिच्या मागचा फेस सपाट होईपर्यंत बाउरो पाण्यात उभा राहिला. मग तो बाहेर आला. घराकडे न वळता, ओल्या वस्त्रानेच, शाळेच्या रस्त्याला लागला, आणि रविवार असूनही पहारेकऱ्याकडून कचेरीची किल्ली मागून घेतली. अर्जावर त्याने तेकिनेनेचे नाव लिहिले. कारणाचा रकाना कोरा ठेवला. त्यानंतर कोरा कागद ओढून, जगातल्या ज्या ज्या कंपनीचा पत्ता त्याला ठाऊक होता तिला, पहिल्यापासून, लिहावयास बसला : महोदय, आमच्याकडे बावीस मुले आहेत.